आधी गण, मग गाव

वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांकडे सरकला की खान्देशात दिवस हा फक्त ढकलायचा असतो. सकाळी दहानंतर गल्ल्या ओस पडतात, दुकानांची शटरं अर्ध्यावर येतात, माणसं डोक्याला रुमाल गुंडाळून सावलीसावलीने चालतात. गाव खरं जागं होतं ते रात्री नऊनंतर. आणि त्या दिवसांत गावात जत्रा असली, तर कुठे ढोलकीवर थाप पडते, कुठे संबळ घुमायला लागतो.

या रात्रींमध्ये जळगाव-धुळ्याच्या मुलखात आणि त्याला लागून असलेल्या बागलाण-डांगच्या पट्ट्यात एक मोठा नाट्यमहोत्सव होऊन जातो. त्याला महोत्सव असं कुणी म्हणत नाही. त्याचं एकच एक कार्यालय नाही, पत्रिका नाही, उद्घाटक नाही. कुठे ती संताची यात्रा असते, कुठे देवीचा भोवाडा, कुठे खंडेरावाची किंवा मरीमातेची जत्रा. पण रात्रीची बांधणी सगळीकडे सारखीच दिसते. सुरुवात गणपतीने होते, मधे पुराणातली माणसं येऊन जातात आणि पहाटेच्या आधी कुणीतरी गावातल्या, राज्यातल्या, कालपरवाच्या गोष्टीवर बोलून लोकांना हसवतो.

प्राचीन आणि समकालीन नाटक एकत्र आणणारा उन्हाळी महोत्सव म्हटलं की जगात नाव घेतलं जातं ते ग्रीसच्या अथेन्स-एपिदाव्रोस महोत्सवाचं. 1955 पासून तो जून ते ऑगस्ट या महिन्यांत भरतो. तिथे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या शोकांतिका नव्या दिग्दर्शकांच्या हातून उभ्या राहतात. त्याच्याशी खान्देशातल्या जत्रेची बरोबरी करणं हा आपला हेतू नाही. पण दोन्हीकडे एक प्रश्न सारखाच पडतो: आजचं बोलायचं असताना माणसं आधी जुन्याला का बोलावतात? खान्देशातल्या रात्रींपुरतं त्याचं उत्तर असं आहे की, देव आधी येऊन गेला म्हणजे मागून येणाऱ्या माणसाला बोलायची सूट मिळते.

उन्हाळाच का?

या रंगमंचाचं वेळापत्रक शेतीने ठरवलेलं आहे. कापूस वेचून झालेला असतो, गहू-हरभरा घरात आलेला असतो, दादर ज्वारी खळ्यावरून कोठीत गेलेली असते. रावेर-यावलकडची केळी सोडली तर कोरडवाहू शेतकऱ्याला मृगापर्यंत नांगरटीपलीकडे फारसं काम नसतं. हातात थोडे पैसे असतात आणि अंगावर वेळ असतो.

त्यातच आखाजी येते. अक्षय्य तृतीयेला उरलेल्या महाराष्ट्रात सोनं घेतात, गोडधोड करतात. खान्देशात मात्र तो दिवाळीच्या तोडीचा सण आहे. पितरांच्या नावाने घागर भरली जाते, तिच्यावर डांगर ठेवतात, सांजोऱ्या होतात, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी होते. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाच्या फांद्यांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी सुरू होतात. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, साल याच दिवशी संपतं आणि नवं साल याच दिवशी ठरतं, म्हणजे वर्षाचा हिशोब करून माणूस मोकळा झालेला असतो. जावई, लेकी, भाचरं, सुरत-मुंबईहून आलेले चुलत भाऊ असं सगळं गाव भरलेलं असतं. नाटकाला लागतो तो प्रेक्षक असा आयता जमतो.

मैदानही उन्हाळाच देतो. चैत्र-वैशाखात खान्देशातल्या नद्यांचं पात्र बहुतेक कोरडं असतं. वाळूचं सपाट मैदान, दोन्ही बाजूंना उंच काठ, वर मोकळं आकाश. धुळ्यात चैत्री पौर्णिमेला एकवीरा देवीची यात्रा पांझरेच्या काठाने भरते. जळगाव जिल्ह्यात कित्येक गावांत जत्रेच्या संध्याकाळी बारा गाड्या ओढल्या जातात. एकमेकींना जोडलेल्या बैलगाड्या, त्यांवर चढलेली माणसं आणि पुढे हळद-भंडारा लावलेला भगत. हा खेळ मिनिटांत संपतो, पण तो संध्याकाळचा खेळ असतो. त्यासाठी आलेली गर्दी घरी जात नाही, ती रात्रीच्या कार्यक्रमाची वाट बघत थांबते.

तमाशाचा हंगामही याच वेळी शिगेला पोचतो. फड दसऱ्याला बाहेर पडतात आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमारास मुक्कामाला परततात. पाडव्याच्या आसपास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावची पंच मंडळी तिथे जाऊन सुपाऱ्या देतात. चैत्र आणि वैशाखाचे हे दीड-दोन महिने म्हणजे फडाची वर्षाची कमाई. एका गावचा खेळ पहाटे संपवून मालमोटारी दुपारपर्यंत पुढच्या गावात, असा रोजचा क्रम असतो.

बोरीच्या वाळूत

अमळनेरला संत सखाराम महाराजांची यात्रा वैशाखात बोरी नदीच्या पात्रात भरते. वाडी संस्थानचं हे दैवत, वारकरी परंपरेतलं. मोहिनी एकादशीला रथ निघतो, पौर्णिमेला पालखी. दोन शतकांची ही परंपरा. या गावाला साने गुरुजींची शाळा, प्रताप तत्त्वज्ञान मंदिर अशा गंभीर ओळखी आहेत. 2024 च्या फेब्रुवारीत 97 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही इथेच झालं. पण आसपासच्या खेड्यांतल्या माणसाला अमळनेर म्हटलं की आधी यात्रा आठवते.

यात्रेची गंमत तिच्या मांडणीत आहे. एका बाजूला समाधी, भजन, कीर्तन. त्याच वाळूत थोड्या अंतरावर पाळणे, भांड्यांची दुकानं, रसवंती. पूर्वी इथेच टुरिंग टॉकीजचे आणि तमाशाचे तंबू उभे राहत. आज देवाचं आणि मनोरंजनाचं मैदान वेगळं असावं असं आपल्याला वाटतं. यात्रा भरवणाऱ्यांना तसं कधी वाटलं नाही. संध्याकाळी रथाला हात लावून आलेला माणूस रात्री तंबूत बसे आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नसे. कारण तंबूतही आधी देवाचंच नाव घेतलं जाई.

एका रात्रीतले चार टप्पे

ढोलकी-फडाच्या तमाशाची बांधणी ठरलेली आहे: गण, गवळण, बतावणी आणि वग. मधे रंगबाजी, म्हणजे लावण्या. ही बांधणी मनोरंजनाची चढण म्हणून समजावली जाते, पण तिच्याकडे काळाचा प्रवास म्हणून बघितलं तर ती अधिक उलगडते.

गणात गणपतीला आवाहन. ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज, आणि मागे झीलकऱ्यांचा उंच सूर. इथे कथा नसते, विनोद नसतो. समोरची गर्दी अजून स्थिरावत असते, पोरं पुढची जागा धरत असतात, त्यामुळे अनेक प्रेक्षक गणाला वेळ काढण्याची गोष्ट समजतात.

गवळणीत काळ द्वापरयुगाचा. राधा आणि गवळणी मथुरेच्या बाजाराला निघालेल्या. त्यांच्या पुढे मावशी. ही भूमिका पुरुषच करतो, तीही नऊवारी नेसून, पदर दातात धरून, कमरेवर हात ठेवून. वाटेत कृष्ण आणि पेंद्या त्यांना अडवतात आणि दही-दुधावर दाण मागतात. दाण म्हणजे जकात. इथे नाटकाचा सांधा बदलतो. गोष्ट पुराणातली, पण वाद कराचा, आणि कराबद्दल प्रत्येक प्रेक्षकाचं काहीतरी म्हणणं असतंच. म्हणून मावशी गोकुळातून सरळ तहसील कचेरीत येते. खान्देशी फडातली मावशी असली तर ती अहिराणीवर घसरते: ‘दाण मांगस, तं पावती शे का तुन्हा जोडे?’ कृष्णाकडे पावती नसते. मग मावशी विचारते की कोणत्या नाक्याचं दाण, कुणी ठराव केला, दूध उत्पादकाला भाव काय. जकात गेली, टोल आला, कर बदलले. मावशीचा प्रश्न दरवर्षी नव्याने लागू पडतो.

नीट बघितलं तर मावशीचं धाडस तिच्या जागेत आहे. ती म्हातारी आहे, बाई आहे, पुराणातली आहे आणि तिच्या आत पुरुष आहे. तिला उत्तर कुणी द्यायचं? पाटील, सरपंच, आमदार समोर खुर्चीवर बसलेले असतात. मावशी त्यांच्याकडे बघत कृष्णाला बोलते. राग मानायचा तर आपण कृष्ण आहोत असं आधी कबूल करावं लागतं.

बतावणीत मग देवांची गरज उरत नाही. दोन माणसं, शाब्दिक कोट्या, हजरजबाबीपणा. लिखित संहिता नावापुरती. कोणत्या गावात काय चाललं आहे याची माहिती फडाला दुपारीच चहाच्या टपरीवर मिळालेली असते आणि ती रात्री वापरली जाते. शेवटी वग, म्हणजे गोष्टीचं नाटक. पूर्वी राजा-राणी-प्रधानाचे वग चालत. पठ्ठे बापूरावांचा ‘मिठाराणी’ त्याच जातीचा. पुढे दरोडेखोर आले, हुंडा आला, दारू आली, निवडणूक आली. वगात दिसणारा राजा ज्या गादीवर बसतो ती गादी बहुतेक वेळा प्रेक्षकांच्या ओळखीची असते.

धुळे-नंदुरबारच्या भिल्ल पट्ट्यात सोंगाड्या पार्ट्या हेच काम आणखी सैल हाताने करतात. लग्नसराई आणि जत्रा यांत त्यांचे खेळ होतात. भिलोरी, अहिराणी, मराठी अशी मिसळलेली भाषा, सिनेमाची चाल, पुरुषांनी केलेल्या बायकांच्या भूमिका आणि रात्रभर ताणता येईल अशी गोष्ट. तिथेही देवाला हात जोडल्याशिवाय पहिला संवाद होत नाही.

भोवाडा: मुखवट्यांची रात्र

धुळ्याहून पश्चिमेला साक्री-पिंपळनेरकडे गेलं की जमीन चढू लागते. पुढे बागलाण, कळवण, सुरगाणा, पेठ आणि पार जव्हार-मोखाड्यापर्यंतचा डोंगरपट्टा. या पट्ट्यात आणि शेजारच्या गुजरातेतल्या डांगात होळीनंतर पाऊस पडेपर्यंत मुखवट्यांचं नाट्य होतं. कुठे त्याला भोवाडा म्हणतात, कुठे भवाडा, कुठे बोहाडा, कुठे आखाडी. कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर असे अनेक समाज त्यात आहेत आणि गावातले बिगर-आदिवासीही आहेत. मोखाड्याचा जगदंबेचा बोहाडा सर्वांत प्रसिद्ध.

तमाशा शब्दांवर चालतो, भोवाडा जवळजवळ मुका असतो. गल्लीच्या एका टोकाला सोंग सजतं, दुसऱ्या टोकाला देवीचं ठाणं. संबळ आणि सनई सुरू होते. सूत्रधार नाव पुकारतो आणि सोंग नाचत, झुलत, थबकत गल्लीतून पुढे येतं. पूर्वी दोन्ही बाजूंना टेंभे धरलेले असत. आता हॅलोजन असतात. प्रेक्षक दोन्ही ओट्यांवर, छपरांवर. म्हणजे रंगमंच हा समोर नसतो, तो प्रेक्षकांच्या मधून वाहत असतो.

क्रम इथेही तोच. पहिला गणपती, मग मोरावरची सरस्वती. त्यानंतर रामायण-महाभारत आणि पुराणं यांतली पात्रं: भीम, बकासुर, रावण, कुंभकर्ण, नरसिंह, वेताळ, खंडेराव. बावन्न सोंगांचा भोवाडा अशी म्हण आहे, प्रत्यक्षात गाव आपल्या ऐपतीप्रमाणे सोंगं काढतं. शेवटच्या पहाटे देवी आणि महिषासुराचं युद्ध. प्रत्येक सोंगाची पावलं वेगळी आणि संबळाचा ठेका वेगळा; जाणत्या माणसाला डोळे मिटूनही कोण आलं ते कळतं.

मुखवटे जुने असले तर लाकडाचे, नवे बहुधा कागदाच्या लगद्याचे. मातीच्या साच्यावर खळ लावून कागदाचे थर द्यायचे, सुकवायचे, मग रंग. रावणाच्या मुखवट्याला दोन्ही बाजूंनी डोकी असल्यामुळे तो रुंद होतो, तोल सांभाळणं अवघड जातं आणि डोळ्यांच्या फटीतून फक्त समोरचं दिसतं. म्हणून नाचणाऱ्याच्या आजूबाजूला माणसं असतात. उग्र दैवतांच्या सोंगाला तर कमरेला धरून आवरावं लागतं, कारण अंगात येतं अशी श्रद्धा आहे.

सोंग कुणी घ्यायचं हे अभिनय पाहून ठरत नाही. काही सोंगांचा मान ठरावीक घराण्यांकडे वडिलोपार्जित असतो, काही सोंगं बोली बोलून घेतली जातात आणि तो पैसा देवीच्या कामाला लागतो. नवस फेडण्यासाठीही सोंग घेतलं जातं. थोडक्यात, नट पैसे घेत नाही, पैसे देऊन नाचतो. शहरातल्या नाट्यसंस्थेला हे गणित उलटं वाटेल, पण भोवाडा तगला आहे तो याच गणितावर. मुंबई-नाशिकला कामाला गेलेला मुलगा आपल्या घराच्या सोंगासाठी रजा काढून येतो, कारण तो आला नाही तर नरसिंह उभा राहत नाही.

आणि चालू काळ? तो दोन मोठ्या सोंगांच्या मधल्या वेळात येतो. पुढचं सोंग सजेपर्यंत बिनमुखवट्याची हलकी सोंगं गल्लीत शिरतात आणि गावातल्या माणसांच्या नकला करतात. रावण गेला आणि कुंभकर्ण यायचा आहे, त्या फटीत वर्तमान बसलेलं असतं. गंभीर देखाव्यांची रांग सतत चालू असल्यामुळेच या फटींना किंमत आहे.

ग्रीसमध्ये काय झालं

अथेन्समध्ये इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात नाटकं होत ती दायोनिसस देवाच्या उत्सवात, वसंत ऋतूत. त्या दिवसांत प्रत्येक शोकांतिकाकार तीन शोकांतिका सादर करी आणि त्यांच्या मागे एक उच्छृंखल सॅटिर नाटक. मुखवटे होतेच, आणि स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करत. वृंदाचा खर्च एखाद्या धनवान नागरिकावर सोपवलेला असे आणि तो त्याच्या प्रतिष्ठेचा भाग असे. भोवाड्यातल्या बोलीशी हे नातं लांबचं असलं तरी ओळखू येतं: देवाच्या नाटकासाठी आपल्या खिशातून खर्च करणं हा मान.

सूटही तिथे होती. ॲरिस्टोफानीसने इसवी सनापूर्वी 424 मध्ये ‘नाइट्स’ हे प्रहसन केलं तेव्हा क्लिऑन हा अथेन्सचा सर्वांत वजनदार पुढारी होता. नाटकात तो एका घराचा लबाड गुलाम म्हणून अवतरला. नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं. देवाच्या उत्सवात जे बोललं गेलं ते गावाने पचवलं.

आता विसाव्या शतकात येऊ. एपिदाव्रोसचं दगडी नाट्यगृह इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं, आरोग्यदेव अस्क्लेपिओसच्या तीर्थक्षेत्रात बांधलेलं. डोंगराच्या उतारावर बाकांच्या 55 रांगा, सुमारे 14,000 माणसं बसतील एवढी जागा, आणि मध्यभागी बोललेला शब्द वरच्या रांगेपर्यंत पोचावा अशी रचना. 1938 मध्ये तिथे आधुनिक काळातला पहिला प्रयोग झाला: सोफोक्लीसचं ‘इलेक्ट्रा’, दिग्दर्शक दिमित्रिस रोंदिरिस. 1955 पासून दरवर्षीचा महोत्सव सुरू झाला. 1960 आणि 1961 मध्ये मारिया कॅलास तिथे गायली.

पण या महोत्सवाची सर्वांत बोलकी रात्र अथेन्समधली आहे. ॲक्रोपोलिसच्या पायथ्याशी हेरोडेस ॲटिकसचं रोमन काळातलं नाट्यगृह आहे. 1959 च्या ऑगस्टमध्ये तिथे कारोलोस कून या दिग्दर्शकाने ॲरिस्टोफानीसचंच ‘द बर्ड्स’ केलं. संगीत मानोस हाजिदाकिसचं. मूळ नाटकात एक पुजारी येतो आणि त्याची टिंगल होते. कूनने त्याला आजच्या ऑर्थोडॉक्स पाद्र्यासारखं बोलायला लावलं. प्रेक्षागृहात गोंधळ उडाला आणि पहिल्याच प्रयोगानंतर मंत्री कोन्स्तांतिनोस त्सात्सोस यांनी पुढचे प्रयोग थांबवले. तीनच वर्षांनी पॅरिसमध्ये त्याच नाटकाला पारितोषिक मिळालं आणि 1975 मध्ये कूनची संस्था तेच नाटक घेऊन एपिदाव्रोसला गेली.

संहिता अडीच हजार वर्षांपूर्वीची, जिथे जन्मली त्याच शहरात, आणि तरीही खपली नाही. कारण दायोनिससचा उत्सव संपून शतकं लोटली होती. उरला होता तो सरकारी महोत्सव, आणि त्यात प्रेक्षक हा तिकीट काढून आलेला पाहुणा होता. जुनं नाटक जवळ होतं, जुनी सूट मात्र गेलेली होती.

सूट कुणाला, किती

आपल्याकडेही ही सूट कुणी कायमची लिहून दिलेली नाही. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई राज्य सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली होती. ती उठली ती सुधारणांच्या अटी आणि संहिता तपासण्याची पद्धत घेऊनच. गावाने चालवून घेतलेला विनोद सरकारला खटकला.

या मुभेची ताकद सर्वांत आधी ओळखली ती सत्यशोधक जलसाकारांनी. त्यांनी तमाशाची चौकट मोडली नाही. गण ठेवला, पण त्यातला गणपती म्हणजे गणांचा, लोकांचा नायक असा अर्थ लावला. गवळणीत कृष्णाच्या जागी समाजातले प्रश्न आणले. 1930 च्या दशकात नाशिकचे भीमराव कर्डक आणि इतर आंबेडकरी जलसाकार याच वाटेने गेले. गण म्हणजे नुसती शोभा असती तर या मंडळींनी तो सरळ काढून टाकला असता. गर्दीला ऐकायला बसवायचं असेल तर दार तेच हवं, हे त्यांना ठाऊक होतं.

शहरी रंगभूमीही पुढे त्याच दाराने आत आली. 1965 च्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये वसंत सबनीसांनी गण-गवळण-वग हा साचा घेऊन राज्यकर्त्यांची थट्टा केली आणि दादा कोंडके घराघरांत पोचले. 1972 च्या ‘घाशीराम कोतवाल’ची सुरुवात नाचणाऱ्या गणपतीने होते, आणि पुढे जे दिसतं त्यावरून वादळ उठलं. मांडवात वाढलेली चौकट नाट्यगृहात नेता येते; तिच्याबरोबरची सूट येईलच असं नाही.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. मावशीला बोलायची जी मुभा मिळते ती मांडव उतरेपर्यंतच. तमाशा पिढ्यान्‌पिढ्या जगवला तो महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतल्या कलावंतांनी. रात्री पाटलाला टोला हाणणारा सोंगाड्या सकाळी त्याच गावात पाणी कुठे प्यायचं हे विचारून पीत होता. फडातल्या स्त्री कलावंतांच्या वाट्याला आलेली वागणूक तर सर्वांना माहीत आहे. देवाच्या नावाने मिळालेली सूट सोंगाला होती, माणसाला नव्हती. या परंपरेचं कौतुक करताना हा हिशोब बाजूला ठेवता येत नाही.

आता रात्र लहान झाली आहे

गेल्या पंचवीस वर्षांत या रंगमंचाला सर्वांत मोठा धक्का दिला तो घड्याळाने. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं. नियम योग्य आहे, आजारी माणसाला आणि परीक्षेच्या पोरांना झोप हवीच. पण जी बांधणी पहाटेपर्यंतच्या वेळेवर बेतलेली होती ती तीन तासांत मावेना. कात्री आधी लागली ती गण-गवळणीला. प्रेक्षकांमधून सिनेमाच्या गाण्यांची फर्माईश होते, फडात ऑर्केस्ट्रा आला, गण दोन मिनिटांत उरकू लागला.

2020 आणि 2021 चे चैत्र-वैशाख करोनाने नेले. दोन हंगाम बुडाले म्हणजे फडमालकाचं कर्ज दोन वर्षांनी वाढलं, आणि अनेक कलावंत मजुरीला लागले ते तिथेच राहिले. सुपारी देणाऱ्या गावांनाही आता डीजे स्वस्त पडतो.

भोवाड्याचं नुकसान त्या मानाने कमी झालं आणि त्याचं कारण लक्षात घेण्यासारखं आहे. तिथे सुपारी नाही, फड नाही. संबळाला वीज लागत नाही. सोंगाचा खर्च घराने करायचा असतो आणि मान घराचा असतो. बाजार बसला तरी मान बसत नाही. उलट तमाशाचं कौशल्य जास्त, कलावंत पूर्ण वेळचे, म्हणूनच त्यांचं पोट हंगामावर टांगलेलं. या दोन्हींना ‘लोककला’ असं एकच लेबल लावून एकच अनुदान योजना आखली तर ती दोघांनाही पुरी पडत नाही. फडाला हवं आहे ते स्वस्त कर्ज, विमा, म्हातारपणी मानधन आणि मुलांच्या शाळेची सोय. भोवाड्याला हवा आहे तो मुखवटे करणारा हात आणि गावाकडे यायला मिळणारी रजा.

गण छोटा झाल्याने काय बिघडलं, असं विचारणारे असतात. बिघडलं ते हे की वगातला विनोद एकटा पडला. गण-गवळणीतून गेलेला प्रेक्षक हळूहळू एका वेगळ्या वेळेत शिरतो. तिथे देवही दाण मागताना पकडला जातो, मग सरपंच पकडला गेला तर त्याचं त्याला फार वाटत नाही. तो प्रवास काढून टाकला आणि थेट सरपंचावरच विनोद केला, की तो विनोद राहत नाही, आरोप होतो. मग कुणाच्या तरी भावना दुखावतात, खेळ बंद पडतो, पुढच्या वर्षी सुपारी मिळत नाही. मग फड सावध होतो आणि उरतात नुसती गाणी.

पुढच्या चैत्र-वैशाखात ज्यांना हे बघायचं आहे त्यांनी बोरीच्या पात्रात जावं, साक्री-बागलाणकडच्या एखाद्या गावात भोवाड्याची तिथी विचारून जावं, किंवा आपल्याच गावची जत्रा गाठावी. जेवण लवकर उरकावं आणि सतरंजी घेऊन पहिल्या थापेच्या आधी बसावं. वगाच्या वेळेला उगवणारा प्रेक्षक अर्धाच खेळ बघतो, आणि त्याच्यासारखे प्रेक्षक वाढले म्हणूनच फडालाही गण उरकावासा वाटतो. तो लांबवायचा की आवरता घ्यायचा, हे शेवटी समोर बसलेल्यांनीच ठरवायचं आहे.